लिंडालच्या फलंदाजांचा पंचनामा

लिंडाल, शनिवार

तीर्थरूप ऑर्विलकाकांना,

पुतण्या डेलचा वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्यालाही वेगळा नमस्कार. तो आता जिना चढू देतो असं काकूंनी कळवलं, बरं वाटलं. आमच्याकडे माझं नाक सोडून सगळं क्षेम आहे. (बेसबॉलच्या मैदानावर तिसऱ्या बेसमागे, म्हणजे मी उभा राहतो तिथेच, यंदा रानगवत इतकं माजलंय की शिंकून शिंकून जूनपासून माझा रुमाल वाळलेला नाही.)

तुम्ही विचारलंत, तीस सामन्यांपैकी चोवीस कोणामुळे हरलो आणि पुढच्या वर्षी कोणाचं नाव कापायचं. संघ तुम्ही उभा केलात, तेव्हा शेवटचा शब्द तुमचा. मी आपला नुसता प्रशिक्षक. चेंडू टाकणाऱ्या पिचरांना मी दोष देणार नाही. ते बिचारे दोन-तीनच धावा देत होते. आमची एकही होत नव्हती, त्याला ते काय करणार? घोडं पेंड खातं ते फलंदाजीत.

पहिला वेंडेल, गुरांचा डॉक्टर. उभा बैल आडवा पाडणारा गडी, पण बॅट हातात आली की तीच आडवी धरतो आणि चेंडू नुसता टेकवतो. बंट! अहो, बंट करावा सडपातळ, चपळ माणसाने. वेंडेल पहिल्या बेसला पोचेपर्यंत समोरचे त्याला बाद करून वर पाणीही पिऊन घेतात. त्याच्यामागून आपले पास्टर टोलेफसन. देवावर भरवसा असलेल्या माणसाने बॅट जोरात फिरवावी की नाही? तेही बंट! (प्रवचन मात्र पाऊण तास ठोकतात.) भेकडपणाची ही साथ गोवरासारखी संघभर पसरली.

पण जीव तुटला तो हार्लन ब्रेकीमुळे. तुमचा लाडका हार्लन, चौथ्या क्रमांकाचा, ज्याचे फटके रस्त्यापलीकडच्या मक्यात जायचे. यंदा एकही होम रन नाही. वॉर्नबीशी शेवटचा सामना, तिन्ही बेसवर आपले गडी उभे, एका फटक्याचं काम, आणि आमचा बेचाळीस वर्षांचा वाघ बॅट आडवी करून उभा! मी रुमालात तोंड खुपसलं. परत येताना विचारलं, "अरे, तुला झालंय तरी काय?" तर म्हणतो, "तूच सांग बाबा, तू प्रशिक्षक." वर हे उलट बोलणं!

फलंदाजाने काय करावं हे मी लांबून ज्या खुणांनी सांगतो त्यांचं म्हणाल, तर तुम्ही घालून दिलेल्याच चालू आहेत, एकही बदललेली नाही. खुणेबद्दल जो तोंड उघडेल त्याला मैदानाच्या दहा फेऱ्या, हा तुमचा नियमही तसाच आहे. तेव्हा मन घट्ट करून लिहितो : नाव कापायचंच तर हार्लनचं कापा.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
डेल

ता. क. : पत्र टपालात पडायचं राहिलं, ते फार बरं झालं. काल चर्चच्या तळघरात मोसम संपल्याचं जेवण होतं. हॉटडिशमध्ये मिरपूड जरा सढळ पडली होती. मी शिंकलो, सवयीने नाक पुसलं, आणि समोर वेंडेलने वाढायचा डाव दोन्ही हातांनी आडवा धरला. पास्टरांनी काटा. हार्लनने पाव कापायची सुरी. तिघांच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. काका, नाकाला हात म्हणजे बंट, ही खूण तुमचीच ना? मी अख्खा मोसम त्यांच्यासमोर नाक पुसत उभा होतो हो!

आणखी एक : हार्लनची माफी मागितली. तो सुरी खाली ठेवून म्हणाला, "फेऱ्यांना कोण घाबरतो, डेल? मला वाटलं, तुझाच आता माझ्यावर भरवसा उरला नाही. मग विचारायचं कशाला?" मला लाज वाटली. तसाच त्याला मैदानावर नेला. पास्टरांनी चेंडू टाकले. तिसरा मक्यात गेला. अजून सापडलेला नाही, आणि कोणी शोधतही नाही.

शेवटचं : वरचं सगळं फाडणार होतो, पण अक्षर बरं आलंय म्हणून ठेवतो. हार्लनचं नाव खोडून तिथे माझं घाला. आणि तरीही मला ठेवलंतच, तर तुमचं गवत कापायचं यंत्र तेवढं पाठवा. नाही पाठवलंत तरी हरकत नाही. पुढच्या वर्षी हार्लन फलंदाजीला आला की मी दोन्ही हात खिशात घालून उभा राहणार आहे, नाक वाहिलं तर वाहू दे.