वळणावर दोनदा रेस

सौंसर, मंगळवार, १४ नोव्हेंबर. संध्याकाळ.



सतीशची गाडी घेऊन आज पहिल्यांदाच पांढुर्ण्याले गेलो. दीडशे सीसीची जपानी टू-स्ट्रोक, बाहेरून मागवलेली. इकडे असा आवाज दुसऱ्या कोणत्याच गाडीचा नाही. माझा दोस्त सतीश काविळीनं गेला, त्याले वर्ष झालं. गाडी त्याच्या बाबांनीच मले देली, "चालती ठेव" म्हणून.

येताना सावरगावात त्याच्या गल्लीत वळलो. काहून वळलो? काम तर काहीच नव्हतं. ही गाडी हळू केली की बंद पडते, म्हणून वळणावर दोनदा रेस देली. सतीशही तिथंच दोनदा द्यायचा, अन् तो आवाज ऐकून काकू, म्हणजे त्याची आई, फाटक उघडायच्या.

फाटक उघडलं.

काकू उभ्या होत्या, हाताले कणीक लागलेली. मी गाडी बंद करून हेल्मेटचा पट्टा सोडाले लागलो.

"हेल्मेट नको काढू," त्या म्हणाल्या.

"काकू, मी प्रकाश आहो."

"माहीत आहे रे बाबू. तरी नको काढू. असाच बस थोडा वेळ."

बसलो. माझ्याच श्वासानं काच धुरकट झाली, काकू दिसेनाशा झाल्या. त्या टाकीवरून हात फिरवत होत्या, तेवढं ऐकू येत होतं.

आता टाकीवर कणकेची बोटं वाळून आहेत. पुसाले कपडा घेतला, पण पुसवलं नाही.

इथं तरी खरं लिहितो. इंजिन चांगलं तापलेलं होतं, गाडी बंद पडत नव्हती. फाटक उघडते काय, तेच मले पाहायचं होतं.