दादाच्या पोवाड्यातले बाबा

ठाकूरद्वार, रविवार, १७ नोव्हेंबर १९५७

आज परळच्या सभेत दादाच्या कलापथकानं बाबांवरचा पोवाडा गायला. त्यात सरहद्दीवर पठाणांनी गाव पेटवलं आणि मराठा शिपायानं, म्हणजे बाबांनी, ते वाचवलं. टाळ्या थांबेनात. आई रडत होती.

बाबांच्या वहीत उलट आहे. गाव त्यांच्याच पलटणीनं जाळलं, गोऱ्या साहेबाच्या हुकमावरून. धान्याच्या कणगीला काडी बाबांनी स्वतः लावली. वारण्यापूर्वी वही त्यांनी माझ्या हाती दिली, आईच्या नाही. मी ती दादाला का दिली? वर मी नकाशे काढणारी, म्हणून मागचा पडदाही मीच आखून दिला. खिंड, नाला, गाव, सगळं वहीवरून, मापात. "नकाशा अस्सल आहे, माझ्या बहिणीनं काढलाय," असं तो माइकवर म्हणाला. म्हणजे खोट्याला पुरावा माझा.

सभेनंतर त्याला गाठलं. "दादा, कणगीचं काय?"

"अगं, जाळणाऱ्याला कोण टाळ्या देईल? आपल्याला चळवळीसाठी माणसं जमवायचीत."

"बाबांनी ते लपवलं नव्हतं."

"तुझ्यापासून नाही, पण आईपासून लपवलंच ना? जा ना मग, आईला सांग."

त्या कणगीत गावाचं वर्षाचं धान्य होतं. बाबांनी तेही लिहिलंय.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "वहीत अस्संच आहे ना गं?"

मी हो म्हणाले.