ह्यांच्या फोनवरचं नेट

२३ जानेवारी

नेट परत गेलं. शेजारची बिल्डिंग पाडतायत, जेसीबीने वायरच उखडली. केबलवाला म्हणाला, खड्डा बुजेपर्यंत काही होणार नाही. ऋतिका सकाळपासून मोबाइल हातात धरून घरभर फिरत होती – बाथरूमच्या दारापर्यंत. तिच्या फोनला रेंज नाही, सर्वेशच्याही नाही. रेंज फक्त ह्यांच्या फोनला.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला कळलं.

मी नाही म्हटलं.

२४ जानेवारी

दिला शेवटी.

सर्वेश ड्युटीवरून आला आणि शांतपणे म्हणाला, "आई, नेट घेतलं म्हणून रिंग बंद होत नाही. फोन चालूच राहणार आहे ना." मग म्हणाला, "तिची नोकरी अजून पक्की नाही गं. तुझ्या सुनेला घरी बसून काम मिळालंय, ते नेटपायी घालवायचं का?" खरंच आहे. इन्शुरन्सवाल्यांची नोकरी, दिवसभर त्या लॅपटॉपवर लोकांच्या आजारपणाचे कागद तपासत असते. नेट गेलं की वरचा साहेब लगेच विचारतो.

पण तो फोन मी कोणाला हात लावू देत नव्हते, त्याला कारण आहे. डिसेंबरात हे घरातून गेले ते आलेच नाहीत. विसरण्याचा आजार. मी दूध तापवत होते, दार नुसतं लोटलेलं. फोन टेबलावरच राहिला. आधी साकीनाक्याला शोधलं, कारण तिथल्या वर्कशॉपात आयुष्यभर लेथ चालवली आणि रिटायर झाल्यावरही रोज सकाळी "ड्युटीक जातंय" म्हणून चपला शोधायचे. तिथे कोणी पाहिलं नव्हतं. पोलिसांत तक्रार दिली, फोटो दिला.

सगळं विसरत चालले होते. कधी कधी मला "बाय, तू कोणाची?" विचारायचे. पण हा नंबर पक्का होता. मीच पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता, रोज आंघोळ झाल्यावर. चुकले की हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हटलं, कुठे हरवले तर निदान कोणाला सांगतील, हा नंबर लावा.

म्हणून तो फोन चार्जिंगवर असतो. म्हणून मी कुठे जात नाही.

२८ जानेवारी

खिडकीच्या कट्ट्यावर फोन, आतल्या खोलीत ऋतिका. चाललंय. रोज सकाळी विचारते, "आई, घेऊ ना?" जसं काही पहिल्यांदाच.

फोन वाजतो, पण कर्जवाल्यांचा. क्रेडिट कार्डवाल्यांचा. मी पिठाच्या हाताने धावते. आज एक मुलगी म्हणाली, "अनंत सरांशी बोलायचंय." मी म्हटलं, बाहेर गेलेत. ती म्हणाली, "कधी येतील?"

फोन उचलला की तिकडे ऋतिकाचं नेट अडकतं. मीटिंगमध्ये तिचं तोंड उघडं राहिलेलं दिसतं म्हणे सगळ्यांना. ती सांगताना हसली. मीपण हसले. बऱ्याच दिवसांनी.

३१ जानेवारी

आज कोणाचाच नाही.

६ फेब्रुवारी

नीट लिहिते.

सकाळी ऋतिका म्हणाली, "आई, आज मोठे साहेब आहेत मीटिंगला. कर्जवाले मधेच फोन करतात आणि माझं सगळं बंद पडतं. अनोळखी नंबर थोडा वेळ बंद ठेवू का? मीटिंग संपली की चालू करते." मी भाजी निवडत होते. म्हटलं, ठेव.

मीटिंग लांबली. मग तिने जेवण गरम केलं, मग पुन्हा काम. विसरली. संध्याकाळी आठवलं तेव्हा फोन उचलून बघितला आणि तशीच उभी राहिली. दुपारचा एक नंबर होता. वाजलाच नव्हता.

सर्वेशने उलटा फोन लावला. मनोरच्या पुढे हायवेला चहाची टपरी आहे, चंद्रप्रकाश नावाच्या माणसाची. तो म्हणाला, एक म्हातारे बाबा आले होते. मराठी बोलत होते. घरी जायचंय म्हणाले, फोन लावून दे म्हणाले. नंबर तोंडाने सांगितला. दोनदा चुकले, परत पहिल्यापासून सांगितला. लावला, कोणी उचलला नाही. चहा पिऊन गेले.

कुठे गेले?

"पता नहीं, भाईसाब. इधर गिऱ्हाईक था."

पहिल्यापासून सांगितला. माझ्या माणसाने पहिल्यापासून सांगितला.

७ फेब्रुवारी

सर्वेश, मी, ऋतिका – पहाटेच गाडी करून मनोरला. चंद्रप्रकाश भला माणूस. फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. "हां, ऐसे ही थे शायद. स्वेटर पहना था." ह्यांच्याकडे स्वेटर नव्हता. मी म्हटलं, दिला असेल कोणीतरी, थंडी आहे. सर्वेश म्हणाला, "आई, तो शायद म्हणतोय." मी म्हटलं, गप्प बस.

दोन्ही बाजूंचे धाबे, पेट्रोल पंप, देवळं बघितली. ऋतिका ट्रकवाल्यांच्या मागे धावून फोटो दाखवत होती. चप्पल तुटली तिची, तशीच अनवाणी चालली. मी बघितलं.

१० फेब्रुवारी

सर्वेश रोज ड्युटी संपवून तिकडे जातो. काही नाही.

आज ऋतिकाने माझ्यासमोर ताट ठेवलं. मी सरकवलं. ती म्हणाली, "आई, दोन घास तरी." आणि माझ्या तोंडून गेलं – "तुझ्या मीटिंगपायी माझा माणूस गेला."

ती रडली नाही. ताट उचललं, ओट्यावर ठेवलं, झाकलं. संध्याकाळी बॅग भरून मुलुंडला आईकडे गेली. दारात म्हणाली, "येते, आई." मी तोंड फिरवून बसले होते.

ठेव असं मीच म्हटलं होतं. हे मी सर्वेशला सांगितलेलं नाही. तिनेही सांगितलं नसणार.

१६ फेब्रुवारी

वायर जोडली. नेट आलं. लॅपटॉप मुलुंडला.

सर्वेश जेवतो आणि उठतो. काल म्हटलं, भात घे अजून. म्हणाला, "नको." एवढंच.

पद्मजाचा, माझ्या बहिणीचा फोन आला होता. म्हणाली, सुनेला बोलावून घे, ती पण घरचीच आहे. मी म्हटलं, तुला नाही कळणार. माझं मलाच कळत नाही. रात्री हे टपरीवर उभे दिसतात. फोन कानाला. पलीकडे कोणी नाही.

२५ फेब्रुवारी

ऋतिकाचा नंबर काढला. लावला नाही.

३ मार्च

पोलिसांचा फोन आला. पनवेलच्या पुढे, गोव्याच्या रस्त्याला एका बंद दुकानाच्या पडवीत सापडले होते. झोपेतच गेले असं डॉक्टरांनी लिहिलंय. ओळख पटली नाही, वाट बघून त्यांनीच अग्नी दिला. फोटो आत्ता जुळला. सर्वेश जाऊन आला. शर्ट ओळखला. फोटोत हातावरचं गोंदण दिसतंय, त्यांच्या आईचं नाव.

गोव्याचा रस्ता. म्हणजे कोकणात, गावाला निघाले होते. आणि आम्ही गुजरातच्या रस्त्यावर शोधत बसलो.

मला वाटलं होतं मी ओरडेन. बसून राहिले. शेजारची चंपा आली, तिने चहा केला, तो मी प्यायले.

सर्वेश काहीतरी सांगायला आला होता. दोनदा. परत गेला.

४ मार्च

आज सांगितलं त्याने. काल धीर झाला नाही म्हणाला.

ह्यांनी प्राण सोडला तो दोन जानेवारीला. फोन आला सहा फेब्रुवारीला.

टपरीवर आलेले ते हे नव्हतेच.

मुलुंडला निघाले आहे. सर्वेश येतो म्हणाला, नको म्हटलं. तिच्यासमोर मला एकटीनेच उभं राहायला हवं.

पण तो म्हातारा कोणाचा? दोनदा चुकला, आणि तिसऱ्यांदाही चुकलाच, म्हणून आमच्याकडे लागला. कुठल्यातरी घरात कोणीतरी फोनपाशी बसलं असेल. त्यांचा तर वाजायचाही नव्हता.