चार्जर गव्हाण फाट्यावर का थांबली

रोडपाली,
मंगळवार

तीर्थरूप दयाराममामांच्या पायाशी थोरल्या जावयाचा (अजून तरी तो मीच आहे, असं धरून चालतो) साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींची तब्येत विचारत नाही. त्यांचा आवाज रविवारी अख्ख्या गव्हाण फाट्याने ऐकला.

आपल्या धाकट्या दिपिकाच्या साखरपुड्याला मी, निशा आणि मामी दीड तास उशिरा, बर्फाच्या टेम्पोतून उतरलो, एवढं तुम्ही पाहिलंत. त्याआधीचं कोणी नीट सांगितलं नसणार, म्हणून लिहितो.

कोन गावी आमच्या गॅरेजात वर्षभर एक अमेरिकन गाडी दुरुस्तीला आहे. डॉज चार्जर, १९६९. मामा, नाक एवढं लांब की ते वळण घेऊन झालं तरी ड्रायव्हर अजून सरळ रस्त्यावरच असतो. कमरेत आवळलेली, मागे पुन्हा भरलेली. दिवे जाळीच्या आत लपवलेले. बटण ओढलं की पापण्या उघडतात (सध्या एकच उघडते, कारण नळी मी उलटी जोडली). इंजिन सात लिटरच्या वर, पावणेचारशे घोड्यांचं. पण शर्यतीत या देखण्या रूपानेच तिचा घात केला. आत गेलेल्या जाळीत आणि मागच्या खोलगट काचेपाशी वारा घोटाळायचा, वेगात गाडी जमीन सोडायला बघायची. मग जाळी पुढे आणली, काच सपाट केली, शेवटी टोकदार नाक आणि मागे उंच पंख लावला, तेव्हा कुठे ती ताशी दोनशे मैलांच्या पुढे गेली. म्हणजे तीनशेवीस किलोमीटर! (हे सगळं मी निशाला आमच्या लग्नाच्या वाढदिवशी जेवताना सांगितलं. ती शांतपणे काटे काढत होती. माशाचे.)

रविवारी गाडीची ट्रायल घ्यायची होती. गॅरेजवाले तुळशीराम म्हणाले होते, "फार लांब नेऊ नको." तुमचं करंजा काही फार लांब नाही, असा मी अर्थ लावला. आमच्याकडे बाजारहाटासाठी आलेल्या मामींना मागे बसवलं, पैठणी नेसलेल्या निशाला शेजारी. कळंबोलीत लोक फोटो काढायला लागले. मामींनी दोघांना हात केला.

गव्हाण फाट्यावर गाडीने एक आचका दिला आणि ती थांबली. पेट्रोल संपलं होतं. मी समजावून सांगितलं की हे इंजिन लिटरला तीन-चार किलोमीटरच देतं, त्या काळी तिकडे पेट्रोलची कोणाला फिकीर नव्हती, हा रचनेचाच भाग आहे. मामी खाली उतरून म्हणाल्या, "जावईबापू, पावनेचारशे घोडे हायेत ना हिच्यात? त्यातला एक तरी उतरवा खाली, ढकलाला."

शेवटी आम्ही तिघांनीच ढकलली. वजन पावणेदोन टन. भर उन्हात पैठणीचा काठ टायरखाली आला. तेवढ्यात तुमच्याच बंदरावर बर्फ घेऊन जाणारा काळूराम देवासारखा आला. निशा लादीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "त्या गाडीचं करता त्यातलं पावशेर कौतुक माजं कदी केलंय?" त्या संध्याकाळी ती तुमच्याकडेच राहिली.

तुळशीराम आता माझ्याशी फक्त पान्यांचे नंबर बोलतात. बाकी ठीक. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
कल्पेश

ता. क. निशाला परत पाठवा. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच आहे. ती येत नसेल तर मी येतो, एसटीने.

ता. क. २. पेट्रोलचा दोष इंजिनाचा नव्हता. त्या सकाळी मी एकटाच पळस्प्यापर्यंत चार फेऱ्या मारल्या होत्या. काटा एकशे वीसवर गेला तेव्हा "निशा, बघ!" असं मोठ्याने बोललो, आणि शेजारची सीट रिकामी होती. पेट्रोलचं मी स्वतः येऊन निशापुढे कबूल करीन; हे सीटचं मात्र तुम्ही तिला सांगा, माझ्याने तोंडावर सांगवणार नाही.