दोनदा छापलेली ओळ

प्रिय भाचीबाई,

आपलाच शब्द परक्या भाषेत काय होतो, हे सांगणारा तुझा कोश हातात पडला. आधी कागदाचा वास घेतला, मग शेजारच्या सुताराला नेऊन दाखवला, आणि वाचनाशी ज्याचा छत्तीसचा आकडा आहे त्या सलूनवाल्यालाही सोडलं नाही. जपानीत नाना म्हणजे सात आणि फिनिशमध्ये कला म्हणजे मासा, हे आता आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ झालंय. उगाच विनय कशाला, चक्क फुशारक्या मारत फिरतोय. फार अभिमान वाटतो तुझा.

ताई तुला घेऊन माझ्या दोन खोल्यांत राहायला आली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. वाचता यायला लागलं तशी मी छापखान्यातली मुद्रितं तपासत असताना माझ्यासमोर बसायचीस. तू मूळ प्रत मोठ्याने वाचायचीस आणि मी छापलेल्या कागदावर पेन्सिल फिरवायचो. आमच्या कामाचा एकच नियम तुला शिकवला होता, की शब्द बघायचा, अर्थात शिरायचं नाही, कारण अर्थात शिरलं की चूक निसटते. पण तू कुणाचं ऐकशील तर शपथ. दर दुसऱ्या ओळीला थांबून अर्थ विचारायचीस आणि मी चिडायचो. त्या खोडीतूनच हा कोश झाला, तेव्हा ती बोलणी आता मागे घेतो.

शेवटचं मुद्रित मीच तपासावं हा हट्टही तुझाच. चाळीस वर्षांत माझ्या सहीखालून चूक गेली नाही, हे तू जगाला सांगत असतेस. म्हणूनच पान एकशे बारावर एक ओळ दोनदा छापलेली दिसल्यावर तू छापखान्यात अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना धारेवर धरलंस. माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाहीस.

त्यांची माफी माग. ओळ त्यांच्या हातून दोनदा पडली असेल, पण ती पकडणं माझं काम होतं. त्या पानावर 'मामा' हा शब्द आहे आणि खाली तू लिहिलंयस, जॉर्जियन भाषेत वडील. मी नियम मोडला, अर्थात शिरलो. पुढे तीच ओळ परत आली तेव्हा वाटलं, डोळे पुसून मीच ती पुन्हा वाचतोय. आणि खाली सही केली. पुढच्या आवृत्तीत एक ओळ काढ. दुसरी असू दे.

तुझाच,
मामा