मधल्या दाराची कडी

मी, द्वारकाबाई, कैलासवासी नानासाहेबांची बायको, वय अदमासे सहासष्ट, राहणार गुलमंडीच्या मागची गल्ली, औरंगाबाद, व्यवसाय घरमालकी, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. ‘दडपणाखाली नसताना’ हे शब्द वकिलांनी घालायला लावले. मी म्हटलं, अहो, निम्मं आयुष्य दडपणातच गेलंय, तेवढं लिहा की. ते म्हणाले, तसं लिहिलं तर कागद टिकायचा नाही. तेव्हा दडपण नाही असं वाचणाऱ्यानं समजावं. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सहीला गुडघे लागत नाहीत.

१. मिळकतीचं वर्णन. माझं घर एकच आहे, त्याचे भाग दोन. पुढे ओसरी, दोन खोल्या आणि रस्त्यावर उघडणारं दोन फळ्यांचं सागवानी दार. मागे एक खोली, मोरी आणि मागच्या बोळीत निघायला एक फळकुटाचं दार. दोन्ही भागांच्या मध्ये एक दार. पोलीस ॲक्शननंतर सात-आठ वर्षांनी माझ्या पाटल्या आणि गोठ मोडून हे घर घेतलं, म्हणून खरेदीखत माझ्या नावाचं. पुढच्या भागात भाडेकरू आप्पासाहेब राहतात. मागच्या भागात मालकीण राहते. उलटं लिहिलं गेलेलं नाही, असंच आहे.

२. हे असं कसं झालं ते माझ्यामागे जो कुणी मालक होईल त्याला कळावं. नवा महाराष्ट्र झाला तेव्हा आप्पासाहेब सरकारी नोकरीत बदलून इथं आले. माझ्या मालकांना, म्हणजे नानासाहेबांना, अधिकाऱ्याचं फार अप्रूप. कुणी साहेब ओसरीवर आला की ते स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे अंग चोरून बसत. ते म्हणाले, “साहेबांकडं माणसं येणार-जाणार, त्यायनं काय मागून यावं? आपण सरकू मागं. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंतचीच तर गोष्ट हाय.” आम्ही सरकलो.

मधल्या दाराला कडी बसवायला शेजारचा फारूख आला. तेव्हा तो नवाच सुतारकामाला लागला होता. त्यानं कडी हातात धरून विचारलं, “नाना, कडी किस बाजू? तुमच्या का त्यांच्या?” मालक म्हणाले, “त्यांच्या. घरात बाईमाणूस हाय, त्यांना अवघड वाटाया नको.” फारूख माझ्याकडे बघत राहिला. नवऱ्याच्या भलेपणाचं तेव्हा मला कौतुक वाटत होतं. आज सांगते, कडी नेहमी मालकाच्या बाजूला असावी. बाकी सगळे सल्ले यापुढे किरकोळ आहेत.

३. तरी किरकोळ सल्लेही लिहिते, कारण ते शिकणं मला फार महागात पडलं आहे. घर दाखवताना स्वतःची अडचण सांगू नये. अकरा महिन्यांचा करार अकरा महिन्यांनी नव्यानं करावा, ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणणाऱ्याशी तर आधी करावा. भाड्याची पावती द्यावी आणि तिची दुसरी प्रत ठेवावी. नळ आणि वीज भाडेकरूच्या नावावर होऊ देऊ नये. गळकं छप्पर लगेच दुरुस्त करावं, नाहीतर तो स्वतः करतो आणि मग भिंतीही स्वतःच्या समजतो. मधूनमधून जाऊन घर बघावं. मी गेली कित्येक वर्षं माझी ओसरी पाहिलेली नाही. दिवाळीत त्यानं पाठवलेले लाडू खुशाल खावेत, पण खाऊन मऊ पडू नये. आमचे मालक पडत. आणि दावा लावायचा तर तोंड गोड असताना लावावा. आम्ही उशिरा लावला. समोरचा वकील म्हणाला, “मालकिणीला मागून वाट आहेच की.” दावा तिथंच बसला.

४. त्या मागच्या वाटेबद्दल. ती बोळ पूर्वी टोपलीचे संडास साफ करायला ठेवलेली. तिथून राबणाऱ्या माणसांचा काही दोष नाही. पण ती वाट कामाची होती, वरातीची नव्हती. माझ्या मनकर्णेचं लग्न ठरलं तेव्हा मालक मधल्या दारापाशी हात जोडून उभे राहिले, एका दिवसापुरती वाट द्या म्हणून. आप्पासाहेब आतून म्हणाले, “आज लग्नाला वाट द्या, उद्या वहिवाट म्हणून सांगाल. मी कायदा जाणतो, नानासाहेब.” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कडीला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या करगोट्याला असते. लग्नातला शालू वर धरून माझी लेक त्या बोळीतून सासरी गेली. जाताना म्हणाली, “आई, मी तुला भेटायला येईन, पण या घरात नाय येणार.” ती शब्दाची पक्की निघाली. आम्ही देवळात भेटतो.

मालक गेले तेव्हा आप्पासाहेब घरच्यांना घेऊन पिशोरला गावी गेले होते. पुढच्या दाराला कुलूप, मधल्याला कुलूप. बोळीच्या वळणावर तिरडी वळेना. शेवटी ती उभी करावी लागली. ज्या माणसानं जन्मभर साहेबापुढं मान खाली घातली, तो मेल्यावर असा ताठ उभा राहून गेला. फारूखनं डोक्याखाली हात दिला होता, म्हणून मान लवंडली नाही. ते मी पाहिलं आणि त्या दिवसापासून मला एकच भीती आहे. मला मरणाचं काही वाटत नाही, त्या वळणाचं वाटतं. हर्सूलच्या जेलातल्या माणसाला निदान सुटायची तारीख ठाऊक असते, आणि सुटल्यावर तो मोठ्या दारानं बाहेर येतो.

फारूख कितीदा म्हणाला, “बाई, बोला, आत्ता तोडतो कुलूप. कडी मीच बसवली, पाप माझंय.” मी त्याला तोडू दिलं नाही. भाडेकरूचं कुलूप तोडलं तर पोलीस सुताराला नेतात, साहेबाला नाही.

५. वाटणी. माझी नथ, मोहनमाळ आणि पोस्टातली शिल्लक मनकर्णेला. घर तिला नको आहे. तिनं मला तोंडावर सांगितलं, “दे कुणालाबी, पण त्या माणसाला बोळीतून चालायला लागंल असं कर.” तिचा राग मला कळतो, पण तेवढ्यापुरतं घर देता येत नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनंच करावी.

फारूखला मी काही ठेवत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले. त्यालाही काही नको होतं.

आप्पासाहेबांना त्यांचं कुलूप परत द्यावं. ते ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत.

६. घर. माझी खोली आणि आप्पासाहेबांच्या बायकोचा, आशाबाईंचा, स्वयंपाक यांच्यामधल्या भिंतीत एक हातभर खिडकी आहे. मालक ती बुजवणार होते, राहून गेलं. तिच्यातून विरजण, काड्यापेटी, कढीपत्ता असं जातं-येतं. आप्पासाहेब घरी असले की तिच्यावर पातेलं उभं केलेलं असतं. मनकर्णेच्या लग्नादिवशी त्याच खिडकीतून खण-नारळ आला, मागोमाग बांगड्यांचा हात. मी रागानं म्हटलं, “ओटी कसली देता? कडी काढा.” त्या म्हणाल्या, “द्वारकाबाई, मी सांगून पाहिलं त्यायला. लई बोलले. कडी माझ्या बाजूला हाय म्हणून काय मी भाईर हाय का?”

त्यांचा हात धरून मी रडले. तोपर्यंत मला वाटत होतं की त्या घरात कोंडलेली मी एकटीच आहे. पुढे कळलं, बाजाराला जायचं तरी त्यांना विचारावं लागतं, आणि माहेरी त्या जाऊन आल्या त्याला जमाना झाला. मालकीण आणि भाडेकरीण, दोघी एकाच कुलपाच्या दोन बाजूंना.

म्हणून हे घर, पुढचा भाग, मागचा भाग, ओसरी आणि तिन्ही दारांसकट, मी आशाबाईंना देते. त्यांच्या एकटीच्या नावानं. आप्पासाहेब पुढच्या भागाचे भाडेकरू आहेत, ते तसेच राहोत. यापुढे भाडं बायकोच्या हातात देऊन पावती घ्यावी. दावा लावायचा असला तर तिच्यावर लावावा. आशाबाई, वरचे सगळे सल्ले तुमच्यासाठी लिहिले आहेत. लाडवाचा सल्ला विशेष लक्षात ठेवा.

७. अखेरची इच्छा. माझी तिरडी मधल्या दारातून, ओसरीवरून, पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडून निघावी. आडवी निघावी. वकील म्हणाले, मग तशी अट घाला, तिरडी पुढून नेली तरच घर. मी घातली नाही. आशाबाईंचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या अटीवर गेलं, आता त्यात माझीही एक नको. त्यांनी कुलूप तसंच ठेवलं तरी घर त्यांचंच. मी जाईन पुन्हा त्या वळणानं.

फक्त एक करावं. मालकांच्या हत्यारांच्या पेटीत एक जड हातोडी आहे. तीही आशाबाईंना. मी गेले की फारूखनं या कागदाची नक्कल आणि ती हातोडी खिडकीतून आत द्यावी आणि मागे सरून थांबावं. आशाबाई, माझा श्वास थांबला की घर तुमचं झालं. स्वतःच्या घरातलं कुलूप फोडायला मालकिणीला कुणाला विचारावं लागत नाही. माझा हात इकडून पोहोचत नव्हता. कुलूप तुमच्या बाजूला आहे.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि खालील दोघांसमोर सही केली. दोघं मागच्या बोळीनं आले, आणि जातीलही तिकडूनच.

सही: द्वारकाबाई

साक्षीदार:
१. फारूख इब्राहीम, सुतार, शेजारी (सही)
२. साळूबाई, समोरच्या घरच्या (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: औरंगाबाद, मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी १९८६