छप्पर कापलेला कॅबिनेट

७ ऑगस्ट

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तू वेळेवर जेवतोस, भर उन्हात उघड्या डोक्यानं डेकवर फिरत नाहीस आणि जहाजावरच्या विजेच्या तारा तुझं ऐकतात, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. फोटोफ्रेमचं दुकान हल्ली मी दुपारनंतर उघडत नाही. वय झालं म्हण हवं तर. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तुझ्या जहाजावर फोन लागला तरी अर्धे शब्द समुद्रात पडतात. पत्र बरं.

तुझी खोकी एकामागून एक येतायत. "आत्या, नुसती ठेवून दे, मी आल्यावर जोडीन," असं तू बजावून गेला होतास. मी ठेवलीही होती, मागच्या खोलीत, भिंतीला लावून. पण बंद खोकं समोर असलं की माणसाचे हात शिवशिवतातच. उघडलं. एक उघडल्यावर दुसऱ्यानं काय पाप केलंय, म्हणून तेही उघडलं. आता रागाव नाहीतर हस.

मला एक सांग, संगणकात पाणी? मी तुझ्या टेबलावर चहाचा कप ठेवला तर घर डोक्यावर घेणारा तू, आणि आता त्याच्या पोटात पाण्याचा पंप बसवणार? पहिल्यांदा मला वाटलं, दुकानदारानं चुकून माशांच्या टाकीचं सामान पाठवलं. मोटारीत असतो तसला रेडिएटर, पण कुणीतरी त्यावरून रोलर फिरवल्यासारखा चपटा. पारदर्शक नळ्या, चकचकीत पितळी जोड, तांब्याचा एक ठोकळा, आणि तो काळा पत्र्याचा कॅबिनेट. एका बाजूला काच असलेला, म्हणजे आतलं सगळं जगाला दिसणार. फ्रेमच झाली की ती! त्यातलं मला कळतं.

शेवटी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. तो म्हणाला, "मावशी, चिप तापते. तिच्यावर हा ठोकळा. ठोकळ्यातून पाणी जातं, उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये सोडतं, गार होऊन परत येतं."

"म्हणजे तेच पाणी गोल गोल फिरतं?"

"तेच."

"मग साधा पंखा काय वाईट?"

"पंखा ओरडतो, मावशी. हे गप्प असतं."

गप्प संगणक. तुझा जुना किती घरघरायचा ते आठवलं. त्याचा विषय मी काढणार नव्हते. तुझ्या बाबांनी तो भंगारात दिला, तू वर्षानुवर्षं केलेली चित्रं त्याच्याबरोबर गेली, आणि त्या दिवसापासून तुमचं बोलणं बंद. सगळं ठाऊक आहे मला. म्हणूनच तर खोकी तिकडे न जाता माझ्याकडे येतायत.

तर प्रश्न असा: तुझा हा रेडिएटर त्या कॅबिनेटमध्ये मावत नाही. मोजून पाहिलं. छताला घासतो. तुला हे माहीत होतं, की तूही मापं न घेता सामान मागवणाऱ्यांतला?

आशीर्वादांसह,
आत्या


१९ सप्टेंबर

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद. तुझं पत्र आणि त्यातलं रेखाटन मिळालं. म्हणजे तुला माहीत होतं! छप्पर कापायचं, आतला डिस्क ठेवायचा पिंजरा काढून टाकायचा आणि रेडिएटर वरून बसवायचा, हा तुझा बेत. वर लिहितोस, "तुला करून बघायचं असेल तर बघ, बिघडला तर नवा आणू." एवढी मोकळीक मला दुकानातल्या एकाही गिऱ्हाइकानं दिली नव्हती.

बघितलं करून. आधी पिंजरा. तो रिव्हेटांनी ठोकलेला असतो, स्क्रूंनी नाही, हे मला ठाऊक नव्हतं. बराच वेळ पेचकस घेऊन स्क्रूचं डोकं शोधत बसले. मग ड्रिलनं एकेक रिव्हेट उडवली. शेवटची उडाली ती थेट कपाटाखाली गेली आणि तिथेच सुखानं राहते आहे. मग छप्पर. पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावली, तिच्यावर पेन्सिलीनं आखलं, चार कोपऱ्यांना भोकं पाडली आणि जिगसॉ चालवला. लाकूड कापताना करवत गुणगुणते रे, पत्रा कापताना किंचाळते! शेजारीण धावत आली. "काय झालं? कोणी पडलं का?" म्हणून विचारत होती. मी म्हटलं, संगणकाचं ऑपरेशन चाललंय. ती जराशी मागे सरकली आणि निघून गेली.

कापलेली कड पात्यासारखी असते. ती कानशीनं घासून गोल करावी लागते, नाहीतर पुढे तारा सोलेल, असं तूच लिहिलंस. रोज सकाळी थोडी थोडी घासणी चालते. इतकी गुळगुळीत झालीये की तू गाल टेकवून बघावंस. मध्येच विचारू नकोस कोण घासतं. या घरात हात कमी नाहीत.

एक संकट टळलं. रेडिएटरबरोबर दोन लांबीचे स्क्रू आले होते. मी लांब घेऊन पिळायला लागले, तर माझा हातच धरला गेला. थांबून बघितलं, आणि खरंच, तो स्क्रू आणखी दोन आटे आत गेला असता तर सरळ रेडिएटरच्या नळीला भोक! मी घामाघूम. आखूड स्क्रू लावले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता नळ्या वाकवायच्या आहेत. आत रबरी दोरी घालायची, गरम हवा मारायची, लोण्यासारखी झाली की वाकवायची. पहिल्या नळीचा कोपर मोडलेल्या हातासारखा झाला. दुसरी बरी. मला एक कुतूहल आहे: आतली दोरी नसली तर नळी चपटी का होते? तुला उत्तर माहीत असेल तर लिही. मी आणि... मी यावर बराच वाद घातला.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "बाकी सगळे कसे आहेत?" बाकी म्हणजे कोण ते मला कळतं. ठीक आहेत.

तुझी,
आत्या


३० ऑक्टोबर

ठोंब्या,

आज आधी तुझ्याच पत्राचं. तू लिहितोस, हा करार संपला की घरी न येता दुसऱ्या जहाजावर सही करतो, तिकडे माझी वाट बघणारं कोण आहे, कॅबिनेट झाला की दुकानात ठेव, शोभा येईल. सहीला अजून महिना आहे म्हणतोस. म्हणून हे पत्र घाईनं लिहितेय, आणि यात मी जे दोन पत्रं गिळत आले ते लिहिणार आहे. बसून वाच.

तू गेलास त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाला अर्धांगाचा झटका आला. तुझ्या बाबांना. सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला आणि पाठोपाठ तो. जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. दवाखान्यातून मी त्याला माझ्याकडे आणलं. पुढच्या खोलीत त्याचा पलंग आहे. दुपारनंतर दुकान बंद असतं ते त्याच्यासाठी.

तुला फोन लावायला मी घेतला होता. त्यानं डाव्या हातानं माझ्या हातातला फोन काढला आणि उशीखाली घातला. मान जोरजोरात हलवली. समुद्राच्या मधोमध पोरगा काय करणार, नुसता जळेल, असं त्याचं म्हणणं असावं. तो म्हणू शकत नव्हता, म्हणून मी अंदाज केला. आणि म्हणून मी तुला फोन करत नाही. माझा आवाज ऐकून तू दोन मिनिटांत सगळं काढून घेतलं असतंस.

आता खोक्यांचं. पहिलं मी उघडलं नाही. त्यानं उघडलं.

आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवलेला माणूस, त्याला व्यायामाच्या बाई रबरी चेंडू दाबायला द्यायच्या. दादा तो चेंडू दाबायचा नाही, भिंतीवर मारायचा. "मी काय लहान आहे?" हे डोळ्यांनी विचारायचा. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायचा. एक दिवस मी दुकानातून आले तर हा मागच्या खोलीत जमिनीवर. मला वाटलं, पुन्हा पडला. बघते तर मांडीवर तुझं खोकं, डाव्या हातानं आणि दातांनी चिकटपट्टी सोललेली, आणि तो पितळी जोड उजेडाकडे धरून फिरवून फिरवून बघतोय. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जाणून घ्यायची इच्छा दिसली! मी त्याच्या शेजारी फतकल मारली आणि आम्ही दुसरं खोकं उघडलं.

तेव्हापासून हे सगळं आम्हा दोघांचं आहे. मापं त्याची. रेडिएटर मावत नाही हे आधी त्याला दिसलं. लांब स्क्रू पिळताना माझा हात धरला तो त्यानं, स्क्रू आणि पत्र्याची जाडी बोटांत धरून दाखवली. आणि कड घासली ती त्यानंच, सगळी. सुरुवातीला मी कानस त्याच्या उजव्या मुठीत बसवून वरून माझा हात धरायची. बाई म्हणाल्या, "चेंडू राहू दे, हेच करू दे." मग एका सकाळी माझा हात त्यानं झटकला. बोटं वेडीवाकडी चालतात अजून, पण चालतात. नळी चपटी का होते यावर वाद घातला तोही त्याच्याशीच. मी बोलायची, तो पाटीवर आकृती काढायचा आणि मी चुकले की पाटी वाजवायचा. विद्यार्थ्यांचं काय होत असेल ते मला आता कळलं.

बोलायचं म्हणशील तर एकच शब्द उरला होता. "बरं." भूक लागली, बरं. औषध नको, बरं. रागावला तरी बरं, फक्त मोठ्यानं. इतके महिने घरात तेवढाच एक शब्द.

परवा पाणी भरलं. दुरुस्तीवाला आला होता. फक्त पंप चालवायचा, बाकी वीज कशालाच नाही, आणि प्रत्येक सांध्याखाली टिपकागद. दादाला खुर्चीत बसवून कॅबिनेटसमोर आणलं. पंप सुरू झाला. तुला ते बघायला हवं होतं रे. पाणी टाकीतून निघालं, पहिल्या वळणावर थबकल्यासारखं झालं, मग बुडबुड्यांची एक रांग पुढे ढकलत ठोकळ्यात शिरलं, वर चढलं, आम्ही कापलेल्या छपराखालून गेलं आणि परत आलं. मी टाळ्या वाजवल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, "मावशी, एक नंबर! एक थेंब नाही."

आणि मागून आवाज आला, "गळतंय!"

आम्ही दोघंही दचकलो. दादा खुर्चीत पुढे वाकला होता, बोट पंपाकडे. "गळतंय! गळतंय!" पंपाच्या मागच्या जोडाला, अगदी खाली, एक थेंब धरला होता. टिपकागदावर पडलासुद्धा नव्हता. दुरुस्तीवाल्यानं पंप बंद केला. पाणी गळतंय म्हणून इतका आनंद जगात कुणाला झाला नसेल. मी रडत होते आणि दादा माझ्यावर चिडत होता, कारण मी रडत बसले होते आणि जोड कुणी आवळत नव्हतं. शेवटी त्यानंच हात घातला. उजवा. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा आवळला.

आता थेंब नाही. त्यानंतर आणखी शब्द येतायत. सगळे जोडाक्षरावर अडखळतात, पण येतायत.

आणखी एक सांगते, तेही त्याला न विचारता. तुझा जुना संगणक त्यानं खरोखरच बंद पडलेला समजून दिला होता. तू ओरडून निघून गेलास, त्या दिवसापासून तो रोज भंगारवाल्याकडे जात होता. ढीग उपसत बसायचा, हात कापून घेऊन यायचा. मिळाला नाही. तुला सांगायला तोंड नव्हतं त्याला, आणि नंतर तोंड असून बोलता येईना. यानं तुझी चित्रं परत येत नाहीत, हे मला कळतं. तुझा राग खोटा होता असंही मी म्हणत नाही.

तू ये, असं मी लिहिणार नाही. सही करायची असेल तर कर. आम्ही दोघं सांभाळून आहोत आणि घरात आता दुरुस्तीवालाही पडीक असतो. पण "वाट बघणारं कोण आहे" हे वाक्य मनात ठेवून सही करू नकोस. ते चुकीचं आहे. कॅबिनेटला काच लावायची तेवढी राहिली आहे. मी ती उचलली की दादा तिच्यावर हात ठेवतो आणि मला खाली ठेवायला लावतो. का, ते मी विचारलेलं नाही.

तुमच्या दोघांच्या मध्ये मी फार दिवस उभी राहिले, निरोप्यासारखी. माझे पाय दुखतात. तुझं पुढचं पत्र मला नको. त्याला वाचता येतं, सगळं, पूर्वीसारखं. पत्ता हाच राहू दे, नाव त्याचं घाल.

तुझी आणि त्याचीही,
आत्या